दोन हजार ऐंशी रुपयांचं चलन

पांढरकवड्याला हायवेच्या कडेला माझं ताडपत्र्या शिवायचं दुकान आहे, त्यालाच लागून मागे घर. हैदराबादकडे जाणारे ट्रकवाले थांबतात, फाटलेली ताडपत्री खाली टाकतात आणि चहा पिऊन होईस्तोवर ती शिवून मिळावी असा हट्ट धरतात. वीस वर्षं मी हेच करतो आहे. कराशी माझं वैर जुनंच आहे. ताडपत्रीच्या कापडावर कर, दोऱ्यावर कर, पितळी कड्यांवर कर; आणि टीव्हीवर कोणी टाय लावलेला माणूस सांगतो की या देशात फार थोडे लोक कर भरतात. ऐकलं की माझं डोकं फिरतं. मग माझ्या बिलाच्या तळाशी ते काय छापलेलं असतं, शुभेच्छा?

पण मी सांगतोय ते त्या कराचं नाही. मी स्वतःच्या हौसेनं, न कमावलेल्या पैशांवर भरलेल्या कराचं आहे.

मला जाड कापड शिवायचं मोटारीचं मशीन घ्यायचं होतं. हातानं आणि जुन्या पायमशीनवर काम करून खांदा गेला होता. बँकेनं तीन वर्षांचे रिटर्न मागितले. आमच्याकडे रिटर्न भरतात ते उत्पन्न आहे म्हणून नव्हे, लोन पाहिजे म्हणून. रिटर्न भरून देणारा तहसीलजवळ एका खोलीत बसतो. तो गिऱ्हाइकाला उत्पन्न विचारतच नाही. पहिला प्रश्न असतो, "लोन कितीचं पाह्यजे, भाऊ?" तुम्ही आकडा सांगायचा आणि तो त्यावरून उलटं गणित करून तुमची कमाई काढतो. पहिली दोन वर्षं त्यानं मला बेताचं ठेवलं. तिसऱ्या वर्षी म्हणाला, "सात लाखापर्यंत टॅक्स माफ हाय, यंदा त्याच्या थोडं वर दाखवू. थोडासा टॅक्स भरला की फाइलले वजन येते."

सात लाख! माझ्या दुकानात वर्षाला तीन लाख सुटले तरी मी दिवाळीला दोन किलो मिठाई जास्तीची आणतो. तरी मी मान डोलावली, कारण सगळेच डोलावतात. दोन हजार ऐंशी रुपयांचं चलन भरलं आणि त्याची छापील प्रत घरी घेऊन आलो.

माझी मोठी बहीण तेव्हा गहू निवडत बसली होती. तिला मी कागद दाखवला. तिला वाचता येतं थोडंफार. तिनं तो दोन्ही हातांनी धरला आणि माझ्या बायकोला हाक मारली. "पाह्य वं, आपल्या घरातला पहिला टॅक्सवाला! आपल्या बापानं जलमात सरकारले रुपया देल्ला नाई." त्या दिवशी तिनं शिरा केला. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. खोट्या कमाईचा का होईना, पण सन्मान वाटला.

ताई अकरा वर्षांपासून माझ्याकडे आहे. झरी जामणीकडच्या एका गावात दिली होती. नवरा गेला आणि सासरच्यांनी वर्षाच्या आत तिचं गाठोडं बांधून दिलं. आल्या-आल्या आम्ही तिचं नाव आमच्या रेशनकार्डावर चढवलं. आमच्यात बहिणीचं नाव वेगळ्या कार्डावर टाकणं म्हणजे तिला बाहेरची म्हणणं. लोक तोंडावर थुंकले असते. विधवा म्हणून तिला सरकारकडून महिन्याला दीड हजार मिळायचे. आमच्याकडे त्याला पगारच म्हणतात.

त्या दीड हजाराचं मोल मला तेव्हा कळलं नव्हतं. महिन्यातून एकदा ती धुतलेलं लुगडं नेसून बँकेत जायची, रांगेत उभी राहायची, येताना बीपीच्या गोळ्या, स्वतःच्या मोबाइलचं रिचार्ज आणि माझ्या पोरीसाठी काहीतरी घेऊन यायची. भाजीवाल्याशी भांडायची ती स्वतःच्या पैशानं भांडायची. माझ्या बायकोशी तिचं दोन-दोन दिवस बोलणं बंद असलं तरी तिला कोणापुढे हात पसरावा लागत नव्हता. तिची घरातली ताठ मान त्या पैशांवर उभी होती.

माझं लोन मंजूर झालं. मशीन आलं. काही महिन्यांनी ताईचा पगार थांबला.

आधी तिला वाटलं उशीर झाला असेल. दोन महिने बँकेत फेऱ्या मारल्यावर ती तहसीलला गेली. तिथल्या माणसानं संगणकात पाहून सांगितलं, कार्डावर आयकर भरणारा आहे, नाव कटलं. कार्डावरचं धान्यही बंद. ती तिथून तडक दुकानात आली. मशीनच्या आवाजात मला आधी ऐकू आलं नाही, तेव्हा तिनं स्वतःच बटण बंद केलं.

"तुह्या त्या दोन हजारानं माहे दीड हजार गेले म्हनते," ती म्हणाली. "म्हैन्याचे. मी तं कोनाले फसवलं नाई रे."

मी म्हटलं, ताई, मी देतो दर महिन्याला दीड हजार. एवढं काय त्यात? पहिल्या महिन्यात दिले. दुसऱ्या महिन्यात मशीनचा हप्ता, दोऱ्याचं बिल, पोरीची फी, आणि मी विसरलो. तिनं मागितले नाहीत. आठ दिवसांनी बायकोला तिच्या उशाशी गोळ्यांचं रिकामं पाकीट दिसलं. तिनं गोळ्या बंद केल्या होत्या आणि आम्हाला सांगितलंसुद्धा नव्हतं. मी रागानं विचारलं, "सांगितलं काहून नाई?" ती म्हणाली, "कोनत्या तोंडानं?"

मी रिटर्नवाल्याकडे गेलो. म्हटलं, सरकारला कळव की माझी कमाई एवढी नव्हती. तो हसला. "कळवू ना. मंग थे बँकवालेही वाचतीन. मशीन परत द्याची तयारी हाय काय?" मी उठून आलो. मी काही कळवलं नाही. पुढच्याच बजेटमध्ये बारा लाखांपर्यंत कर लागणार नाही असं जाहीर झालं. तो मला रस्त्यात भेटला तर टाळीसाठी हात पुढे करून म्हणाला, "भाऊ, आता तं तुमची मजा!" त्याच्या थोबाडात मारावीशी वाटली. पण पुढच्या रिटर्नला त्याच्याकडेच जायचं होतं.

शेवटी त्यानंच उपाय सांगितला. ताईचं कार्ड वेगळं करायचं. त्यासाठी स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायचं की ती वेगळी राहते, वेगळं रांधते आणि भाऊ तिला सांभाळत नाही. ताईनं अंगठा नाही, सही केली. खाली मी केली. मग पाहणीला माणूस येणार म्हणून मागच्या खोलीत, जिथे ताडपत्रीचे तुकडे पडायचे, तिथे आम्ही एक शेगडी ठेवली. बायकोनं आपल्याच स्वयंपाकघरातली चार भांडी तिकडे नेली. डब्यांत थोडं थोडं पीठ, तांदूळ, डाळ भरली. आम्ही हसत होतो ते करताना, ताईसुद्धा.

साहेब दुपारी आला. त्यानं डब्यांची झाकणं उघडून पाहिली, मोबाइलवर फोटो काढले. ताई दारात उभी होती. त्यानं मला विचारलं, "तुम्ही यांना खायला-प्यायला, दवाखान्याला काही देता का?"

"नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही साहेब. त्यांचं त्या पाहतात."

तो गेला. पुढे कार्ड वेगळं झालं आणि ताईचा पगारही सुरू झाला. पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी बायकोला म्हटलं, भांडी घेऊन ये. ती गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. मग मी गेलो. ताईनं शेगडी पेटवली होती, वर डाळ शिजत होती.

"ताई, साहेब गेला. चाल, जेवाले."

"तुमी जेवा. माह्यं होऊन राह्यलं."

"आता कायले हे नाटक?"

तिनं डाळ ढवळली. माझ्याकडे पाहिलं नाही.

"तू त्याले नाई म्हनला ना, तवा मी तुह्या तोंडाकडं पाह्यत होती," ती म्हणाली. "मले वाटलं, तुले जड जाईन. तुले जड नाई गेलं."

मी म्हटलं, गेलं होतं, ताई. साहेबाला नाही म्हणताना माझ्या डोक्यात खरं तर एवढंच होतं की हा माणूस लवकर जावा, बाहेर ट्रकवाला थांबलाय.