हरणाला ऐकू न जाणारं धनुष्य

मिस्त्री कुठलीही वस्तू हातात आली की आधी हनुवटीला लावत. शिलाई मशीन असो, मिक्सर असो, पंख्याची मोटर असो. ती चालू करायची, तिच्या अंगाला जबडा टेकवायचा, डोळे मिटायचे आणि मिनिटभर तसंच बसायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हे गृहस्थ वास घेताहेत. डोळे उघडले की ते निकाल देत, "मागचा डावा स्क्रू." आणि मागचा डावा स्क्रू खरोखर सैल निघे. खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं एका शटरचं दुकान होतं आणि वर राहायची खोली. दुकानाला पाटी नव्हती. सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणत. मी नुसतं मिस्त्री म्हणे, कारण नात्याने हाक मारण्याइतकी माझी त्यांच्याशी ओळख नाही असं मला वाटे.

मी गेले होते ते एक धनुष्य घेऊन. शहराबाहेरच्या एका छोट्या केंद्रात जखमी प्राण्यांची डॉक्टर म्हणून मी नुकतीच लागले होते. आमची भुलीची बंदूक बिघडली होती, तिचे सुटे भाग येता येत नव्हते, आणि कुणीतरी देणगी दिलेला एक जुना क्रॉसबो तेवढा कपाटात होता. बंदुकीसारखा दस्ता असलेलं हे आडवं धनुष्य. बाणाच्या जागी भुलीची सुई लावून आम्ही ते वापरायचो. कुंपणात बारा चितळं होती, आणि त्यातल्या एका मादीच्या मानेत तारेचा फास रुतला होता. धरायला गेलं तर हरीण भीतीनेच मरतं, त्यामुळे लांबूनच भूल द्यायला हवी होती. मी तीनदा नेम धरला. तिन्ही वेळा दोरी सुटल्याचा 'फट्' असा आवाज सुईच्या आधी तिच्यापर्यंत पोचला, ती उसळली, आणि सुई मातीत गेली. फास रोज थोडा आत जात होता. फार तर तीन आठवडे, असा माझा हिशेब होता.

मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे माझ्या तोंडाकडे एकटक बघत बसले, आणि एकच प्रश्न विचारला. "हरीण वाचवायचंय ना? मारायचं असेल तर खडखडाट राहू द्या, बिचारं पळून तरी जाईल."

हा नुसता विनोद नव्हता हे मला नंतर शेजारच्या गायकवाडवहिनींनी सांगितलं. कुणा फार्महाऊसवाल्याचा मुलगा एकदा भारी परदेशी क्रॉसबो घेऊन आला होता. आवाज कमी करून द्या म्हणाला. कशासाठी, ते त्याने सांगितलं नाही आणि मिस्त्रींनीही विचारलं नाही. त्यांनी आठ दिवस ठेवून घेऊन तो चकचकीत पुसून परत दिला, आणि दस्त्याच्या पोकळीत सायकलचे दोन छर्रे टाकून ठेवले. दोन पावलं चाललं तरी तो खुळखुळ्यासारखा वाजायचा. मुलगा भांडायला आला तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "अहो, आपण आवाजाचं काम दिलंत, ते केलं. कमी की जास्त, एवढंच जरा इकडचं तिकडं झालं." मजुरी घेतली नव्हती, त्यामुळे तो फार बोलूही शकला नाही.

आमचं धनुष्य मात्र त्यांनी मनापासून घेतलं. "आवाज म्हणजे उरलेली ताकद, डॉक्टरबाई," ते म्हणत. "बाणाने नेली नाही ती लाकडात राहते, आणि मग लाकूड ओरडतं." म्हणून त्यांनी आधी सुई थोडी जड करून घेतली. दोरी जिथे येऊन आदळते तिथे सायकलच्या ट्यूबचं रबर बसवलं. दोरीला दोन्हीकडे लोकरीचे बारीक गोंडे बांधले, मेण चोळलं, दस्त्यात नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या जाड कापडाचे, तुकडे कोंबले. एकेक गोष्ट झाली की दस्ता जबड्याला लावून दोरी सोडायची, मान हलवायची आणि पुन्हा सगळं खोलायचं. मी संध्याकाळी स्कूटरवरून जायची आणि शेजारच्या स्टुलावर बसायची. काही कारण नसताना बसायची, हे कबूल करते. तेव्हा मी खराडीत आयटीतल्या तीन मुलींबरोबर राहत होते. त्या गुणी होत्या, पण कायम कानात हेडफोन घालून कुठल्या तरी मीटिंगमध्ये असत. मिस्त्रींची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन सोलापूरला. ते चहाचे दोन कप करत, एक माझ्यापुढे सरकवत, आणि आम्ही न बोलता चहा पीत असू.

गल्लीत त्यांना काही लोक घमेंडी म्हणत. हाक मारली तरी वळत नाहीत, फोन उचलत नाहीत, लग्नाकार्याला गेले तर कोपऱ्यात बसून हसतात आणि उठून येतात. मला वाटे, कमी बोलणाऱ्या माणसाला पुण्यात तरी नावं ठेवू नयेत.

दहाव्या दिवशी ते धनुष्य घेऊन स्वतः केंद्रावर आले. आवाज आता उशीवर उशी पडावी एवढाच राहिला होता. मी खुशीत होते. आडोशाला बसले, नेम धरला, अंगठ्याने सुरक्षेचा खटका मागे ओढला, आणि बाराच्या बारा माना वर झाल्या. दोरी सुटायच्या आधीच मादी उडाली. तिच्या मानेतून ताजं रक्त आलं. तो पोलादी खटका बारीक, तीक्ष्ण 'टिक्' करत होता; आधी 'फट्'पुढे तो माझ्याही लक्षात आला नव्हता, पण तीन नेमांनंतर हरणं त्याला ओळखायला लागली होती.

"हा खटका तसाच कसा ठेवलात?" मी ओरडले.

"कुठला खटका?" मिस्त्री म्हणाले.

मी त्यांच्या कानाजवळ तो दोनदा ओढला. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, मी काय म्हणतेय ते समजून घ्यायला. तेव्हा मला उलगडा झाला. पत्रे ठोकण्याच्या कारखान्यात तीस वर्षं काढलेला हा माणूस आवाज ऐकत नव्हताच. जाड थरथर त्याला जबड्यातून कळे; बारीक आवाज जबड्याला कळत नाही. दुसऱ्या कुठल्याही कारागिराने जी चूक पहिल्या दिवशी पकडली असती, ती फक्त त्यांच्याच हातून होणार होती.

मी त्या वेळी गप्प बसायला हवं होतं. पण चार कर्मचाऱ्यांसमोर मी म्हणाले, "बहिरे आहात तर आवाजाचं काम घेतलंत कशाला?" एवढं वाक्य त्यांना बरोबर समजलं. त्यांनी धनुष्य फडक्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि ते बसस्टॉपकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले ती माफी मागायला. मिस्त्रींनी मला तोंडच उघडू दिलं नाही. स्टूल भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाले, "पाठ करून बसा. ऐकू आलं की बोट वर करा."

पुढचे चार दिवस मी त्यांचे कान झाले. मागे ते खटका ओढायचे, मी बोट वर करायची, मग कानस चालल्याचा आवाज, मग पुन्हा खटका. पोलादाच्या दाताखाली त्यांनी चामड्याची पट्टी घातली, ती बदलून दुसरी घातली, मग दातच घासून गोल केला. तिसऱ्या दिवशी माझी मान आखडली होती, त्यांचीही बोटं कानशीने सोलवटली होती. अगदी पुसटसा आवाज आला, पण मी बोट खालीच ठेवलं. ते उठून पुढे आले, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाले, "डॉक्टरबाई, हरीण दया करत नाही." मी बोट वर केलं. ते परत जाऊन बसले.

त्या चार दिवसांइतकं कुणाशी जवळचं बसणं मला पुण्यात त्याआधी मिळालं नव्हतं. तरी माफीचं राहून गेलं. रोज ठरवायची आणि रोज चहा पिऊन परत यायची.

शेवटी एका सकाळी आम्ही दोघं आडोशाला बसलो. मी खटका ओढला. एकही मान वर झाली नाही. सुई मादीच्या मांडीत बसली तेव्हा शेजारची हरणं चरतच होती. तीही चार पावलं चालली आणि माशी हाकलावी तशी शेपटी हलवून पुन्हा चरू लागली. थोड्या वेळाने तिचे पाय मुडपले. तार कापली, जखम धुतली. आतून फार सडलं होतं; भुलीतून ती उठेल की नाही याची मला खात्री नव्हती. उठवायचं इंजेक्शन देताना आजूबाजूला माणसं असलेली चालत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं.

मिस्त्रींना थांबायचं होतं. ते दाराशी घुटमळले. "मी कोपऱ्यात उभा राहीन," ते म्हणाले. मी मान हलवून नाही म्हटलं. नियम म्हणजे नियम. त्यांनी खिशातून एक चिठ्ठी काढली. "उठली की कळवा. हा गायकवाडवहिनींचा नंबर. माझ्या फोनवर नको, मला कळणार नाही." ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं. मग एक कर्मचारी मोटरसायकलवर निघाला होता, त्याच्या मागे ते बसले.

इंजेक्शननंतर बाराव्या मिनिटाला ती उठली. एकदा धडपडली, उभी राहिली आणि कळपात गेली. मी एकटीनेच टाळ्या वाजवल्या, मनातल्या मनात.

फोन केला नाही. त्या दिवशी अहवाल लिहायचा होता, दुसऱ्या दिवशी एक घुबड आलं, मग माकडाचं पिल्लू. फोनवर काय सांगायचं, समोर जाऊनच सांगू, त्यांचा चेहरा बघायला मिळेल, असंही मी स्वतःला समजावलं. अकराव्या दिवशी गेले, आणि खरं सांगते, तेही दोरी सैल झाली होती म्हणून.

शटर बंद होतं. वहिनी जिन्यात तांदूळ निवडत बसल्या होत्या. "चाचा गेले हो परवा," त्या म्हणाल्या. "झोपेतच. मुलगी आली होती, काल गेली परत." त्या ताट बाजूला ठेवून माझ्याकडे पाहू लागल्या. "तुम्ही त्या हरणाच्या डॉक्टर ना? रोज दुपारी येऊन बसायचे इथे पायरीवर. फोन आला का हो, विचारायचे. मी म्हणायची, आला की सांगेन, तुम्ही जा, जेवा. तर म्हणायचे, मला ऐकू येत नाही वहिनी, तुमचं लक्ष असू द्या."

मी त्या पायरीवर बसले.

"मग," वहिनींनी विचारलं, "उठली का ती?"

"त्याच दिवशी उठली," मी म्हणाले.