चुलीच्या उंचीची माची

गोंदियाच्या दुकानात नात स्टूल निवडत होती. ताज्या सागाचा वास आला आणि मला इंग्रजी राज्यातला तिरोड्याचा बाजार आठवला.

हत्तीरोगानं आईचा पाय सुजला होता. चुलीपुढे तिला उकिडवं बसवत नव्हतं, पण रांधणं सोडायला ती तयार नव्हती. बाजारात तिनं पदराआडून घरचा वरणाचा डाव काढला. साहेबाच्या बंगल्यातून विकायला आलेलं जुनं नक्षीदार स्टूल, सुताराचं नवं कोरं स्टूल, सुंभानं विणलेली बुटकी माची, अशा प्रत्येकावर बसून ती हवेतच वरण ढवळू लागली.

"काऊन तमाशा करून राहिली? लोक पाहून राहिले," बाबा म्हणाले.

"पाहू द्या. रांधाचं मले हाये."

बाबा तरातरा निघून गेले. मला वाटलं, रागावले. ते तीन दगड घेऊन परतले आणि भर बाजारात गुडघे टेकून त्यांनी तिच्यापुढे चूल मांडली. आईनं माची जवळ ओढली, डाव फिरवला. "हीच घ्या."

तेव्हा मला तो भातुकलीचा खेळ वाटला होता.

मी नातीच्या स्टुलावर बसले आणि हात फिरवू लागले.

"आजी, लोक बघतायत!"

"पाहू दे. तू ते पॉलिशचे तीन डबे आण आणि माझ्यापुढे मांड."