भुताच्या कपाटाला तेल

मुलांच्या टीव्हीवर भुताच्या गोष्टी लागतात ना, त्यातले सगळे आवाज भूतमामांचे. माणूस म्हणाल तर इतका भित्रा की मांजर आडवं आलं तरी दोन पावलं मागे. पण ओला टॉवेल फरशीवर आपटला की यांची चेटकीण चालायला लागायची. आणि भूत यायच्या आधी जे दार करकरायचं, पोरं पांघरुणात तोंड खुपसायची, ते दार म्हणजे मामांच्या घरातलं कपड्यांचं लोखंडी कपाट!

म्हणून घरात एकच कायदा: कपाटाला तेल घालायचं नाही. मामी वैतागायच्या, "अहो, साधा रुमाल काढायचा तरी गल्ली जागी होते!"

आजवर मालिकेत ते दार नुसतं किलकिलं व्हायचं. आता शेवटच्या भागात ते सावकाश, सताड उघडणार होतं. दिग्दर्शकानं बजावलं होतं, "मामा, तसा लांब आवाज द्या. नाही जमलं तर संगणकातून काढतो, पुढच्या मालिकेचे आवाजही तिथूनच."

मामा माइक घेऊन घरी आले, सगळ्यांना गप्प बसवलं, श्वास रोखून कपाट उघडलं. दार लोण्यासारखं सरकलं. चूं नाही की चां नाही.

"तेल कुणी घातलं?"

नवी सून पदर सावरत पुढे आली. "मी, बाबा. शिलाई मशीनचं होतं थोडं." तिला कायदा सांगायचं सगळेच विसरले होते!

मामा मटकन खाली बसले. "संपलं. भूत मेलं माझं."

"पण बाबा, रोज सकाळी डोक्यात जायचं हो ते!" सून रडकुंडीला आली. "डोळा उघडत नाही तोच सुरू, कर्र्र... र्रीईई... ईई..."

मामींच्या हातातली बशी निसटली. मामांच्या अंगावर काटा आला, आणि चेहऱ्यावर हसू.

"सूनबाई, हलू नकोस. माइककडे तोंड कर. आता तेच, पण सावकाश. सताड."

तो भाग लागला त्या संध्याकाळी शेजारची पोरं एकजात सोफ्यामागे दडली. पुढची मालिका मामांनाच मिळाली, आणि सूनबाईंनाही.

मामी आता कपाट बिनधास्त उघडतात. "कपाट गप्प झालं हो," त्या सांगतात, "पण सून दिवसभर सराव करते!"