रशीदभाईंची आठ सिलिंडरची गाडी

इंजिनजवळ जाताना रशीदभाई कानातले इअरप्लग काढून खिशात टाकायचे. वाळूजच्या आमच्या कारखान्यात इंजिन तपासायच्या खोलीत ते घालूनच जायचं असा नियम होता. मी नुकतीच इंजिनिअर म्हणून लागले होते. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना हटकलं. वयानं ते माझ्या वडिलांएवढे. नुसते हसले, चालू इंजिनापाशी डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह नीट बसंना. खोलून बघा." खोलून बघितलं, तर दोष तिथंच होता. "कानात बोळे घातले तर इंजिन कुणाशी बोलणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. त्यानंतर मी त्यांना कधी हटकलं नाही. त्याचा मला आजही पस्तावा होतो.

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की ते लहानपणात शिरत. त्यांचे वडील शहरातल्या एका डॉक्टरांकडे ड्रायव्हर होते. डॉक्टरांची जुनी अमेरिकन गाडी होती, लांब नाकाची, आठ सिलिंडरची. "अब्बा लई लांब असायचे, पण गाडीचा आवाज आधी घरी यायचा. भारी माणूस घशातल्या घशात बोलतो ना, तसा. त्या आवाजावर अम्मी चहा ठेवायची." पुढं डॉक्टर वारले आणि गाडी मोडीत गेली. त्या दिवशी अब्बा जेवले नाहीत, हे सांगताना रशीदभाईंचा घासही हातातच राहायचा.

निवृत्त झाल्यावर त्यांनी सगळ्यांना चकित केलं. आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी घ्यायची म्हणाले. मसल कार म्हणतात ती. आजच्या काळात बनलेली, पण चेहरामोहरा जुन्या गाड्यांचा. म्हातारपणी घर बांधायला म्हणून घेतलेला प्लॉट त्यांनी त्यापायी विकला. मी म्हटलं, "एवढी हौस आहे तर जुनीच गाडी घ्या ना." ते म्हणाले, "नाय मॅडम. जुनी गाडी म्हणजे जुनं दुखणं. रोज उठून औषधपाणी. मला आठवण पाहिजे, दुखणं नको."

त्यांच्या बायकोला, जुबेदाभाभींना, हे अजिबात पटलं नव्हतं. मुकुंदवाडीतलं त्यांचं घर दोन खोल्यांचं, पुढं चिंचोळं अंगण. मी गेले की भाभी माझ्याकडे गाऱ्हाणं मांडत. "गाडी आत आली तर आम्ही कुठं राहायचं? रस्त्यावर? या वयात माणसं हजला जायचं म्हणतात, आमचे साहेब गाडी घ्यायचं म्हणतात!" रशीदभाई ऐकूनही न ऐकल्यासारखं करत. निदान मला तसं वाटायचं.

गाडी पुण्यात एका गृहस्थाकडे होती, फारशी न वापरलेली. "चला मॅडम, बघून येऊ," म्हणून ते मला घेऊन गेले. ज्यानं आयुष्यभर इंजिनं पारखली, त्याला माझी काय गरज, असं मनात आलं, पण गेले. मालकानं गाडी सुरू केली. रशीदभाईंनी सवयीनं डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "मॅडम, वरच्या बाजूला कुठं टिकटिक येती का?"

मला आधी कळलंच नाही. मग ते खिशात टाकलेले इअरप्लग आठवले.

"बारीक आवाज गेले माझे," ते म्हणाले. "पाखरं गेली, फोनची रिंग गेली. जुबेदाचं बोलणं निम्मं जातं. उरलेलंही जाईल म्हणतात डॉक्टर. भारी आवाज तेवढे राहिलेत. हा येतो अजून. पुरा येतो." हात त्यांनी छातीवर ठेवला होता. मी नीट कान देऊन ऐकलं आणि टिकटिक नाही म्हणून सांगितलं. सौदा तिथंच झाला. परतताना नगर मागं पडेपर्यंत ते नुसते चालवत होते आणि ऐकत होते.

पुढची दोन वर्षं मोहल्ल्यात त्या लाल गाडीचं कौतुक चाललं. लग्नाची वरात असो की कुणाची बाळंतीण घरी आणायची असो, रशीदभाई हजर. मग एका दुपारी क्रांती चौकात त्यांच्या मागं अ‍ॅम्ब्युलन्स अडकली. सायरन वाजतोय, लोक ओरडताहेत आणि हे आपले सिग्नल सुटायची वाट बघत उभे. शेवटी एका रिक्षावाल्यानं खाली उतरून काच ठोकली. तेव्हा त्यांना आरशात फिरणारा दिवा दिसला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, तिथंच बंद केली आणि मला फोनवर संदेश पाठवला, 'येऊन गाडी घरी न्या.' मी पोहोचले तेव्हा ते फूटपाथवर बसले होते. "आत कुणाचा तरी बाप असंल," एवढंच म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही.

महिनाभर गाडी अंगणात झाकून होती. मग ती विकायची ठरली, गिऱ्हाइकं येऊ लागली. तेव्हा भाभींनी जे केलं ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. साठीच्या उंबरठ्यावर त्या ड्रायव्हिंग शिकायला गेल्या. क्लच नव्हता, गिअर आपोआप पडत, त्यामुळे त्यांचं जमलं. "पायाखाली पेडल दोनच, म्हणून शिकले," असं त्या मला सांगत.

रशीदभाई गेल्या थंडीत गेले. झोपेतच गेले. त्यांची आठवण निघाली की मला त्याआधीची एक रविवारची सकाळ दिसते. दौलताबादच्या रस्त्यावर भाभी गाडी चालवत होत्या, शेजारी रशीदभाई, आणि मागच्या नावापुरत्या सीटवर अंग चोरून मी. भाभी समोर बघतच मला म्हणाल्या, "इनकू सुनाई नै देता, इसलिए बोलतूँ. ये गाडी मेरेकू पहिले दिन सेच पसंद थी."

"क्या बोली?" रशीदभाईंनी विचारलं.

"कुछ नै. सामने देखो."

मला राहवेना. मी ते वाक्य मोबाइलवर लिहून त्यांच्यापुढं धरलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मग मागं वळून, अगदी कानात सांगितल्यासारखं, मला म्हणाले, "ठाऊक हाय मला. मी नमाजला गेलो की ही गाडीत जाऊन बसायची. सीट रोज पुढं सरकलेली सापडायची. पण मला कळलंय हे तिला सांगू नका."

आपला आवाज केवढा लागतो हे आता त्यांना उमगत नसे. ते कुजबुजणं सगळ्या गाडीत घुमलं. भाभींनी डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि इंजिनाचा तो भारी आवाज उठेल इतका अ‍ॅक्सिलरेटर दाबला.