हाताला कळत होतं...

प्राजूचा फोन आला तेव्हा मी सिंदीच्या बाजारात वांगी निवडत होते. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. मी मात्र वेड्यासारखं विचारलं, "कुठं?" माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान वसंतराव, जेवून अंगणात खुर्चीवर बसले, संत्रं सोलता सोलता त्यांची मान कलली आणि सगळं संपलं. आग, अपघात, विजेचा धक्का... आयुष्यभर ज्या ज्या संकटांची त्यांनी धास्ती घेतली, त्यातलं एकही आलं नाही. आता महिना होत आला, पण एका जागी बसून त्यांच्यावर लिहिणं मला काही जमत नाही. दोन ओळी झाल्या की उठते, दाराशी जाते, पुन्हा येते.

भाऊजी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मुकादम होते. हंगामात आवारात कापसाच्या मोठमोठ्या गंजी लागतात. ओलसर कापूस आतून तापतो, आणि एखादी ठिणगी शिरली तर वरून काही दिसत नाही, आत नुसतं धुमसत राहतं. म्हणून कोणाला तरी गंजीत हात खुपसून ऊब पाहावी लागते. त्या कामात भाऊजींचं नाव होतं. "वसंतरावांचा हात फिरला की मी निवांत," असं शेटजी चारचौघांत म्हणायचे. त्या कौतुकानंच घात केला असं मला अजून वाटतं. घाबरणाऱ्याला जिथं शाबासकी मिळते, तिथं त्याचं घाबरणं वाढत चाललंय हे कोण बघणार? हळूहळू तो हात घरात फिरायला लागला. भिंतीतल्या बटणावर, गॅसच्या नळीवर, झोपलेल्या प्राजूच्या कपाळावर. जेवता जेवता ते ताट सोडून जिनिंगकडे निघायचे. आम्ही त्यांना 'गंजीचे जावई' म्हणून हसायचो. ताई "मन चिंती ते वैरी न चिंती" म्हणत त्यांचं ताट झाकून ठेवायची. माणूस मात्र खंगत चालला होता. झोप उडाली, शर्ट अंगावर लोंबायला लागले. कोणी धागा बांधा म्हणालं, कोणी कामात मन रमवा म्हणालं. कामातच तर त्यांचं मन अडकलं होतं!

प्राजूच्या साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी ते टोकाला गेलं. पाहुणे येऊन बसले, पाट मांडले, कुंकवाचं ताट आलं, आणि मुलीचा बाप गायब. कुठं गेले असतील हे मला वेगळं सांगायला नको होतं. जिनिंगला सुट्टी होती. चौकीदारानं मान हलवून फक्त गंजीकडे बोट दाखवलं. नवा पांढरा शर्ट घातलेले भाऊजी खांद्यापर्यंत हात आत घालून उभे होते, आणि रडत होते.

"थंड आहे न, भाऊजी?" मी विचारलं.

"थंडच आहे वो, सुनंदा. हाताले कळून राह्यलं..." त्यांनी हात काढला, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत घातला. "पण मले पटून नाई राह्यलं."

इतकी वर्षं आम्ही त्याला काळजी म्हणत होतो. पण काळजी खात्री झाली की शांत होते. ही होत नव्हती. "आता कापसाले नाई, तुमाले दाखवू कोनाले तरी," मी म्हणाले. त्यांनी डोळे पुसत मान डोलावली. साक्षगंध उशिरा का होईना, पार पडलं. पाहुण्यांनी समजून घेतलं, हे त्यांचं मोठेपण.

पुढच्याच आठवड्यात आम्ही वर्ध्याला मनोविकाराच्या डॉक्टरांकडे गेलो. भाऊजींना वेडा म्हणतील याची भीती नव्हती. त्यांची भीती निराळीच होती. "म्याडम, गोळ्यांनी हात मेला तं? ह्या हातावर मी जगतो." डॉक्टरबाई वयानं प्राजूएवढ्या, पण हसल्या नाहीत. "हात तसाच राहील, काका. तो सांगतो त्यावर विश्वास ठेवायला शिकू," त्या म्हणाल्या. गोळ्या सुरू झाल्या, आणि एक सरावही. गंजीत हात एकदाच घालायचा, मोठ्यानं 'थंड आहे' म्हणायचं आणि वळायचं. मागं पाहायचं नाही. जीव वरखाली होईल, होऊ द्यायचा. तो आपोआप खाली बसतो.

तो काही चटकन बसला नाही. किती दिवस भाऊजी फाटकापर्यंत येऊन पुन्हा गंजीकडे फिरायचे. एकदा तर चिडून गोळ्या फेकल्या, मग ताईनं त्यांना पुन्हा डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं. पण प्राजूच्या लग्नात ते अक्षता पडेपर्यंत मांडवात होते. घामानं ओलेचिंब. मला जवळ बोलावून म्हणाले, "लय तगमग होऊन राह्यली वो. पण पाह्य, बसून आहो." त्यांचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटला तो तेव्हा.

तेरवी झाल्यावर मी ताईकडेच थांबले. प्राजूही तान्ह्या मुलीला घेऊन होती. बाप गेल्याचं दुःख होतंच, पण मला दुसरंच काही दिसायला लागलं. बाळ झोपलं की प्राजू त्याच्या छातीवर हात ठेवायची. उचलायची, पुन्हा ठेवायची. जेवायला बसली की उठून जायची. ताईनं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली. शेवटी मीच प्राजूजवळ जाऊन बसले.

"श्वास चालू आहे न तिचा?"

"चालू आहे, मावशी. हाताले लागून राह्यला..." तिनं बाळाच्या छातीवरचा हात उचलला, पुन्हा ठेवला. "पण मले..."

पुढचं वाक्य त्या घरात सगळ्यांना पाठ होतं. मग तीच म्हणाली, "बाबाच्या डॉक्टरकडे नेतं काय मले?"

दुसऱ्या दिवशी ताईनं बाळ कडेवर घेतलं आणि आम्ही निघालो. अंगणात भाऊजींची खुर्ची तशीच होती. प्राजूनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं. हात पुन्हा कुलपाकडे गेला, अर्ध्यात थांबला.

"लागलं आहे," ती मोठ्यानं म्हणाली, बापासारखीच, आणि पायऱ्या उतरून चालायला लागली.

फाटकाशी मागं वळून कुलपाकडे मीच पाहिलं.