एका पानावरचे खंडेराव

मथुताईंची आणि माझी पहिली भेट भांडणाची. गौरवग्रंथात हे लिहू का, असे विचारले तर म्हणाल्या, "लिहा की, भिता काय!"

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. नगरच्या मुलींच्या शाळेतून निवृत्त झालेल्या ताई, लहान मुलींची अब्रू कुठे आणि किती लुटली जाते, याची गावोगाव पाहणी करीत होत्या. मी कचेरीतला कारकून. अक्षर बरे, म्हणून त्यांचा लेखनिक. "असले प्रकार आपल्या जिल्ह्यात कुठले?" मी पहिल्याच दिवशी तावातावाने म्हणालो. "बघून बोलू," एवढेच त्या म्हणाल्या.

मिरजगावच्या पुढच्या एका गावी आम्ही घरोघर गेलो. आया सांगत, "आमच्यात न्हाई बया असलं." मी खुशीत लिहीत गेलो: वय आठ, विवाहित, पती खंडेराव. वय नऊ, विवाहित, पती खंडेराव. ताईंनी ते पान वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला.

"अहो, एका गावात इतके खंडेराव?"

शेजारची म्हातारी हसली. "आवो, द्येव हाय त्यो! खंडोबा! नवसाच्या पोरी ह्या. द्येवाशी लगीन लावून मुरळी करत्यात."

"आणि मोठ्या झाल्या की?"

"मोठ्या कशाला व्हाया पायजेत? ज्यानं ठिवली त्याची."

अरे देवा! आठ वर्षांची 'विवाहित' लिहिताना मला काहीच खटकले नव्हते, याची आजही लाज वाटते. ताई रागावल्या नाहीत. "उठा, पहिल्या घरापासून पुन्हा," म्हणाल्या. या वेळी त्यांनी विचारले, "पोर कुणाला वाहिली?" आणि दारोदार कौतुकाने उत्तरे आली.

शेवटच्या घरी सात वर्षांच्या चिंगीची हळद येत्या चंपाषष्ठीला लागायची होती. आई रडत म्हणाली, "नवस मोडला तर द्येव कोपंल." ताई विधवा. तरी भर दारात त्यांनी भंडाऱ्याची हळद कपाळभर लावून घेतली. "हा नवस आता माझा. कोपायचं तर माझ्यावर कोपू दे." सारे गाव थक्क होऊन पाहत राहिले. चिंगी आमच्याबरोबर नगरला आली.

आज ताईंना साठ पुरी झाली. त्या गावचे लोक अजून बाजारच्या दिवशी मला गाठून विचारतात, "बाई बऱ्या हायेत ना?" त्यात माया आहे, आणि वाट पाहणेही आहे. म्हणून ताई, उदंड जगा आणि ठणठणीत जगा. तुम्ही साध्या तापाने अंथरूण धरलेत, तरी 'द्येव कोपला' म्हणून तिकडे कुणाच्या तरी पोरीला हळद लागेल.