अप्पा आणि सहाची सनसेट टूर

आमच्या फिनिक्सच्या चार-पाच मराठी घरांचा एक अलिखित नियम आहे. भारतातून कोणाचेही आईवडील आले, की त्यांना वाळवंटातल्या लाल खडकांची गाईडवाली सनसेट टूर घडवायचीच. पाच-सहा वर्षांत किस्से इतके साठलेत, की पॉटलकच्या जेवणाला एकाने सुरुवात केली की दुसरा शेवट सांगून टाकतो!

* * *

पहिला मान माझ्या सासूबाईंचा. डिसेंबरची सुट्टी होती. सूर्य टेकायला आला तसा आमचा गाईड लिओ, तिथल्या मूळ नावाहो जमातीचा, म्हणाला, "आता कोणी बोलू नका, फक्त बघा."

त्या शांततेत सासूबाईंनी खटकन डबा उघडला! लिओने वळून पाहिलं. सासूबाईंनी न बोलता दशमी आणि शेंगदाण्याची चटणी त्याच्या हातावर ठेवली. पुढे सूर्य बुडेपर्यंत तो एक शब्द बोलला नाही.

पुढच्या डिसेंबरात आम्हाला बघताच ओरडला, "पीनट पीपल! व्हेअर इज मॉम?"

* * *

त्या वेळी बरोबर आमच्या ग्रुपातल्या मंजिरीचे बाबा होते, नागपूरचे. एवढ्या मोठ्या खडकाकडे बघून त्यांनी लिओला विचारलं, "मेंटेनन्स कोण बघतं?"

"वारा," लिओ म्हणाला.

"आमच्या सोसायटीपेक्षा बरं आहे मग. तिथे कोणीच बघत नव्हतं!"

सोसायटीचे सेक्रेटरी बारा वर्षं हे स्वतःच होते.

* * *

मग माझे वडील आले, अप्पा. साताऱ्याकडच्या एका शाळेत चौतीस वर्षं भूगोल शिकवून रिटायर झालेले. लास व्हेगसला नेते म्हटलं तर म्हणाले, "माणसांनी बांधलेलं साताऱ्यातही आहे."

त्यांना फक्त ते खडक बघायचे होते. सपाट माथ्याचा रुंद मेसा, आणि तो झिजून अरुंद झाला की ब्यूट. दरवर्षी फळ्यावर खडूने काढायचे, पाहिला मात्र कधीच नव्हता. पण माझा नवरा शिरीष याचा प्रोजेक्ट लाइव्ह जाणार म्हणून ट्रिप दोनदा कॅन्सल झाली. शेवटी जूनमधला एकच शनिवार उरला. सोमवारी अप्पांची फ्लाइट.

"राहू दे गं," अप्पा म्हणाले, "फळ्यावर पाहिलाय की."

मला रडूच आलं. त्या शनिवारी आम्ही निघालोच.

* * *

सहा तास ड्राइव्ह करून साडेपाचला पोचलो. टूर सहाची. शिरीष खुशीत, "मराठी माणूस आणि अर्धा तास आधी! फोटो काढा रे कोणीतरी!"

तिकीट खिडकीतली मुलगी म्हणाली, "सहाची टूर अर्ध्या तासापूर्वी गेली."

बाकी अमेरिकेसारखं अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यापुरतं घड्याळ बदलत नाही. पण इथे नावाहोंच्या भागात बदलतं, एक तास पुढे! आम्ही आजवर फक्त डिसेंबरात आलेलो, तेव्हा दोन्हीकडे एकच वेळ. तीन सॉफ्टवेअर इंजिनिअरांच्या आमच्या ग्रुपात हे एकालाही माहीत नव्हतं!

आणि बरोबर अप्पा, पृथ्वीच्या गोलावर टाइम झोन शिकवलेला माणूस. माझीच मान वर होईना.

तेवढ्यात पिकअपमधून एक जण घरी निघाला होता, तो ब्रेक मारून थांबला. "पीनट पीपल!"

लिओ! त्याची ड्युटी संपली होती. शिरीषने सगळं सांगितलं. लिओने अप्पांकडे बघितलं, पुन्हा जीपची किल्ली घेऊन आला आणि म्हणाला, "सूर्य थांबणार नाही, बसा."

मी आजवर देवाला पुष्कळदा हात जोडलेत, पण त्या दिवशी जोडले तसे नाही.

* * *

शेवटच्या थांब्यावर ऊन लालभडक झालं होतं. अप्पा उतरले, चपला काढल्या, खाली बसले आणि बोटाने वाळूत काढू लागले. हा मेसा. ही झीज. हा ब्यूट. समोरच्या खडकांशी रेघ न् रेघ जुळत होती.

लिओने चित्राकडे बघितलं, मग खडकाकडे, मग अप्पांकडे.

"सर, किती वर्षं येताय तुम्ही इथे?"

अप्पांनी हाताची वाळू झटकली.

"थर्टी-फोर इयर्स," ते म्हणाले. "टुडे, फर्स्ट टाइम."